अंजूच्या कॉम्प्युटरचं दावं

मु. पो. उमापूर, ता. गेवराई
कापसाला बोंडं फुटायचे दिवस, भर दुपार

आमचे जावईबापू सोमेश्वरराव यांस, कड्याच्या मुक्कामी, सासरे सुंदरराव यांचा मनापासून रामराम. विहीणबाईंच्या गुडघ्याला आराम पडला का? कारखान्याचं धुराडं आता पेटायला आलं असेल, तेव्हा तुमच्या ड्युट्या लागायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहितोय. (घाईनं म्हणजे आठवडाभर कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. बसलं की डोळा लागतो.) इकडं सगळी मजेत आहेत, म्हैस सोडून. ती कधीच कुणावर खूश नसते.

तुम्ही फोनवर विचारलंत, "मामा, अंजूचा कॉम्प्युटर कधी धाडता?" प्रश्न रास्त आहे. लग्नाआधी पोरगी त्याच्यावरच लग्नपत्रिका अन् वाढदिवसाचे बॅनर करायची, पंचक्रोशीतले सगळे पुढारी तिच्या हातून गोरे होऊन निघायचे. आता तिकडं तिला गिऱ्हाइकं मिळालीत, अन् तिचं औत माझ्या घरात अडकून पडलंय, हे मला कळतं. पण फोनवर तुम्ही दोन शब्दांत विचारता अन् मला दोन शब्दांत सांगता येत नाही. उशिराचं कारण पॉवर सप्लाय.

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या अंगाला बसवलेली लोखंडी पेटी. बाहेरून येणारी लाईट म्हणजे मोकाट जनावर. ही पेटी तिला दावणीला बांधते अन् आतल्या प्रत्येकाला झेपेल तेवढाच चारा टाकते. (हे आता कळलं. आधी मी तिला नुसता पंखाच समजत होतो.) तुम्ही घरचे म्हणून सांगतो, मला त्या पंख्याची सवय लागली होती. दुपारी अंजू कामाला बसायची, मी शेजारी बाजेवर आडवा, पेटीचं हुंऽऽ हुंऽऽ चाललेलं, खिडकीतून रानावरचं पिवळं ऊन आत आलेलं, अन् मला वाटायचं आपण बाजेसकट हळूहळू वर उचलले जातोय. पत्र्याच्या वर, लिंबाच्या शेंड्यापर्यंत. तिथून गोदावरीच्या अंगाला पांढरे ढग बसलेले दिसायचे, मेंढरं पाण्यावर आल्यासारखे, अन् कुणालाच कसली घाई नसायची. अंजू तुमच्याकडं आली तरी मी दुपारचा कॉम्प्युटर चालू करून आडवा व्हायचो. मशीन बसून राहिलं की बिघडतं, असं मी हिला (म्हणजे तुमच्या सासूबाई मनकर्णा यांना) सांगितलं होतं. ही लाईटबिल आलं की ते माझ्या उशाला आणून ठेवायची.

तर एका दुपारी लाईट गेली, अन् परत आली ती अंगात आल्यासारखी आली. पेटीत फट्ट झालं. मी तेव्हा लिंबाच्या शेंड्यावर होतो, तिथून थेट बाजेवर आदळलो. जळका वास सुटला अन् पंखा गप्प. हुंऽऽ थांबल्यावर घर एवढं रिकामं झालं की मला पहिल्यांदाच कळलं, पोरीचं लग्न झालंय.

आता चांगला पॉवर सप्लाय निवडायचा तर पारखी माणूस पाहिजे, अन् आमच्या गल्लीत पारखी एकच, आप्पाराव. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना बैल घेऊन दिले. म्हणाले, "वझं वढायचं काम हाय न्हवं? मग बैल काय अन् डबा काय." आम्ही गेवराईला रोहिणीताईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलतो. बाई लई समजावून सांगत होत्या. पेटीवर पाचशे वॅट छापलंय म्हणून पाचशे मिळतातच असं नाही, नावाजलेली कंपनी बघा. वीज किती वाया घालवतो त्याचा शिक्का असतो, ब्राँझ, गोल्ड, तो बघा. व्होल्टेज चढलं तर आपण बंद पडून बाकीच्यांना वाचवतो का ते बघा, अन् गॅरंटी किती वर्षांची ते सगळ्यात आधी बघा. मी मान डोलवत होतो (दुकानात मोठा पंखा होता, मला पेंग येत होती) अन् आप्पाराव पेटीला टिचक्या मारत होते. त्यांनी वायरींचा झुबका शेपटासारखा धरून वर केला, अंगावर कुठं केसांचा वाईट भोवरा आहे का बघितलं, मग तळहातावर तोलून निकाल दिला, "पोटाला काहीच न्हाई. हलकं हाय."

रोहिणीताई म्हणाल्या, "काका, हा बैल नाही."

"म्हणून तर हलकं हाय," आप्पाराव म्हणाले.

मग आम्ही आठवडी बाजाराच्या तोंडाशी एकजण चार्जर अन् हेडफोन मांडून बसतो, तिथं गेलो. त्याच्याकडची पेटी उचलताना आप्पारावांच्या तोंडून "ऊं" निघालं, अन् तिथंच पसंती झाली. भाव ठरवायला त्यांनी बैलबाजाराच्या रीतीप्रमाणं, बोटांच्या खुणांनी सौदा करायला, उपरण्याखाली त्याचा हात धरला. त्याला बिचाऱ्याला ही रीत ठाऊक नव्हती. तो एवढा बावरला की म्हणाला, घेऊन जा काका, तुम्ही म्हणाल ते द्या, पण हात सोडा. आप्पाराव परत येताना बसमध्ये सगळ्यांना सांगत होते, सौदा असा करायचा असतो.

घरी आल्यावर अंजूला फोन लावला. कुठली वायर कुठं, ते ती सांगत होती अन् मी करत होतो. "आबा, जोर लावू नका, तिची ती बसते." "आबा, उलटी धरली का बघा." सगळी दुपार घरात तिचा आवाज. (त्या दिवशी तुम्हाला जेवायला उशीर झाला असेल तर तो माझ्यामुळं. एक वायर मी दोनदा मुद्दाम चुकीची लावली.) मग बटण दाबलं. पेटीनं कुकरसारखी शिट्टी दिली अन् प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी रोहिणीताईंनी ती खोलून दाखवली. आत सामान चिमूटभर, अन् तळाला लोखंडाचा एक जाड तुकडा स्क्रूनं बसवलेला. त्याला ना वायर, ना काम. नुसतं वजन. बाजाराच्या दिवशी व्यापारी बैलाला पाणी पाजून पोट फुगवून आणतात, फसू नका, हे अख्ख्या तालुक्याला शिकवणारा आमचा माणूस त्या तुकड्याकडं बघत उभा राहिला. मला त्यांची लई दया आली. मग त्याला टिचकी मारून म्हणाले, "पाणी पाजलेलंच व्हतं की बे हे." तो तुकडा ते घरी घेऊन गेले. आता त्यांच्या दाराला लावलेला असतो, वाऱ्यानं दार आपटत नाही.

पण माणूस खरा पारखी. म्हणाले, चूक आपली, जुंपून न बघता घेतलं. आपल्याकडं बैल घ्यायच्या आधी दिवसभर औताला जुंपून बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही अंजूचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. कंडक्टरनं विचारलं, आजारी कोण हाय. रोहिणीताईंनी कपाळाला हात लावला, पण त्यांची ती हलकी पेटी जोडून दिली. आप्पाराव म्हणाले, सगळ्यात अवघड वझं टाका. मग अंजूनं केलेला सगळ्यात मोठा बॅनर उघडला, साहेब अन् त्यांच्या भोवती गावातली झाडून सगळी तोंडं. दुपारभर ते मशीन राबत होतं अन् आम्ही दोघं स्टुलावर बसून होतो. आप्पाराव अधूनमधून पेटीवर हात ठेवायचे. शेवटी म्हणाले, "घाम न्हाई, धाप न्हाई. घ्या." गॅरंटी पाच वर्षांची म्हटल्यावर तर त्यांनी टोपी काढली. बैलाची पाच मिनिटांची खात्री कुणी देत नाही.

तर असा जातिवंत पॉवर सप्लाय आता अंजूच्या कॉम्प्युटरला आहे. खोट एकच, तो आवाज करत नाही. चालू आहे का बंद, ते कान लावूनही कळत नाही. रोहिणीताई म्हणाल्या, चांगल्याचं लक्षणच ते. असेल बाई.

कॉम्प्युटर तयार आहे, तुमचाच आहे, केव्हाही न्या. विहीणबाईंना आमच्या दोघांचा नमस्कार, अन् अंजूला काही सांगू नका, नुसतं बरं आहे म्हणा.

आपला,
सुंदरराव

ता. क. टेम्पो धाडू नका. जनावर दुसऱ्याच्या दावणीला गेलं तरी दावं मूळ घरीच ठेवायचं, ही आपली रीत. म्हणून भिंतीत लावायची वायर मी ठेवून घेतोय, कड्याला दुसरी मिळेल. अन् ज्यानं चारापाणी केलं, त्यानंच येऊन सोडायचं असतं. ते अंजूनं केलं. तेव्हा तिला धाडा. एका दिवसात सुटेल अशी गाठ नाही ही, पंधरा दिवस तरी धरून चला.

ता. क. आणखी एक. रोहिणीताईंनी जळक्या पेटीतला तो जुना पंखा काढून मला फवारणी पंपाच्या बॅटरीवर जोडून दिलाय. बाजेखाली ठेवतो. हुंऽऽ सुरू झालं की पहिल्यासारखाच लिंबाच्या शेंड्यापर्यंत जाऊन येतो. पूर्वी जाग आली की अंजू विचारायची, आबा, चहा ठेवू का. परवा डोळे मिटलेलेच होते, मी सवयीनं म्हणालो, ठेव गं. ही चुलीपाशी गेली. ही मला रोज हसते, पंख्यापायी येडं झालंय म्हणते. उठून बघतो तर तिनं कप तीन मांडले होते.