सायकलची सीट माझ्या पिशवीत हाय

आकाराम,

मी राहीला घिऊन यष्टीनं आष्ट्याला डाक्टरकडं चाललीया. पोरीची टाच लय सुजलीया. काल मला म्हणली, "आज्जे, दगडावर पडली मी." दगडाला चेनचं काळं वंगण असतंय व्हय रं? सकाळी टाच धुताना सगळं वकलं पोरीनं. बाजारातनं येताना क्यारेजवर डुलकी लागली, पाय मागच्या चाकात गेला, आन् "आज्जीला सांगू नगंस" म्हणून तू तिला पेपरमिट दिलंस.

चार वर्साच्या लेकराला खोटं शिकवतोस? या घरात थापा मारायचं काम माझं हाय, तुझं न्हाई.

तुझ्या बानं शिराळ्यास्नं जित्ता नाग सायकलवर आणलावता. फडा काढून दांडीवर बसलावता, वाटंत घंटी बी त्योच वाजवायचा. पर तुझ्या बानं आदी त्याचं शेपूट टावेलानं दांडीला बांधलं, चाकात जाऊ नये म्हणून. आन् तुला पोटच्या पोरीचा पाय दिसंना?

सायकलची सीट काढून मी संगं नेलीया. सायकल ढकलत रसूलच्या सायकलच्या दुकानात ने. मागच्या चाकाला जाळी बसीव, आन् पोरीला म्होरं दांडीवर बारकी सीट, पाय ठिवायला पट्टी घालून. ते झाल्याबिगार तुझी सीट मिळायची न्हाई.

भाकरी झाकून ठिवलीया, खाऊन जा.

सीट कुटं गेली, म्हणून रसूल इचारंलच. त्याला खरं सांगायचं, दुकानातल्या सगळ्यांम्होरं. नागाची थाप माझी हाय, तिला मधी आणू नगंस.

तुझी आई