सागवानी मोजकाठी

३ जानेवारी, सायंकाळ
मोजकाठी सिद्ध झाली. कै. सासरेबुवांच्या मोटारीला पेट्रोलचा काटा नाही. मागच्या बाजूच्या टाकीत काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचे, एवढीच पद्धत. त्यांची काठी म्हणजे बांबूची एक कामटी, चाकूने पाडलेल्या तीन खाचा आणि टोकाला चाळीस वर्षांचा काळा, चिकट थर. हातात धरवेना.

म्हणून सागवानाची नवी काठी तासून घेतली. गाडी पोर्चमध्ये, नेहमीप्रमाणे गेटाकडे तोंड करून उभी केली, टाकी रिकामी केली आणि एकेक लिटर ओतत खुणा कोरल्या. प्रत्येक लिटरला तीन वाचने, त्यांची सरासरी. एक महत्त्वाचा शोध: पहिल्या चार लिटरला काठी कोरडीच राहते. म्हणजे काठी कोरडी दिसली तरी टाकीत चार लिटर असतातच. सासरेबुवा हयातभर या साठ्याविषयी अनभिज्ञ राहिले.

नंतर पोर्च धुतला. पाणी आपोआप गेटाबाहेर जाते. उत्तम रचना.

कामटी कचऱ्यात टाकली. सौ.ने ती उचलून आणली, फडक्यात गुंडाळली. वडिलांची आठवण, म्हणे. शी!

४ जानेवारी
मेहुणा आला. गाडी कागदोपत्री बहीण-भावाची. त्याला ती एका हॉटेलच्या दारात उभी करून तिच्यात कुंड्या ठेवायच्या आहेत! शेवटी असे ठरले: सुट्टीतल्या जुन्या मोटारींच्या तीन दिवसांच्या सफरीत गाडी स्वतःच्या चाकांवर शेवटपर्यंत आली तर ती आमची, टोचन लावावे लागले तर त्याची. भाऊजी, दोर मीच घेऊन येतो, असे म्हणून तो दात काढत गेला.

चालक मी. सौ. सहप्रवासी. लग्नाआधी ती ही गाडी चालवत असे, पण ते निव्वळ सवयीने. तत्त्व तिला कोणी समजावलेले नव्हते.

९ जानेवारी. पहिला दिवस
तेवीस गाड्या. माणसे पाहून वीट आला. चामडी टोपीतला एक दंतवैद्य आपल्या लाल टू-सीटरच्या बॉनेटवर उकडलेली अंडी सोलत होता. त्याला इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, विचारला. म्हणाला, काका, चालू होते ना, तेवढं मला पुरे. अशांच्या हाती समाजाचे दात आहेत.

पेट्रोल हिशेबाने लागेल तेवढेच भरले. जादा वजन हा इंजिनावर अन्याय आहे.

दुपारी, मुक्कामाच्या अलीकडे, गाडी बंद. निदान: वेपर लॉक. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि प्रवाह खुंटतो. जमलेल्या मंडळींना रस्त्यावर खडूने आकृती काढून पंचवीस मिनिटे समजावले. सौ. मध्येच म्हणाली, अहो, आधी पेट्रोल आहे का ते तरी बघा. काठी टाकून दाखवली. कोरडी. अर्थात चार लिटर शिल्लक. ती मागे डिकीशी खुडबुड करत बसली. मी पंपावर ओले फडके ठेवले. दहा मिनिटांत गाडी सुरू! उपाय अचूक.

जेवताना सौ.च्या हातांना पेट्रोलचा वास. तिच्यापुढे साबण सरकवला.

१० जानेवारी. दुसरा दिवस
पुन्हा बंद. आज दोष प्लगांचा. चारही काढले, पुसले, त्यांचे कार्य समजावले. श्रोते कमी, दंतवैद्य जांभया देत होता, तोंडावर हात न ठेवता. गाडी सुरू झाली. सफरीच्या मदत-लॉरीचा मिस्त्री खिदळला: काका, तुम्ही शिकवत राहा, गाडीचं काकू बघतायत. अर्थ लागला नाही. सलगी मात्र आवडली नाही.

११ जानेवारी, सकाळी ७
हॉटेल ओंगळ. साबणावर परका केस. डिकी उघडली तर आत एक तेलकट, बरबटलेला डबा. नुकताच काठोकाठ भरलेला, झाकणाशी पाझरणारा. दर्प असह्य. सौ. चहा पीत होती तेवढ्यात तो हॉटेलच्या मागे ठेवून आलो. आज संकल्प: तिच्या गबाळेपणावर रागवायचे नाही.

दुपारी २.४०, मदत-लॉरीत
शेवट नऊ किलोमीटरवर असताना गाडी बंद. फडके झाले, प्लग झाले. सौ.ने डिकी उघडली आणि डबा कुठे आहे विचारले. सांगितले. तिने डिकी बंद केली. मग म्हणाली, अहो, त्या डब्यामुळे आपण इथवर आलो. उन्हाने माणूस असे बोलतो.

अंतिम निदान: प्लगांना ठिणगी पुरवणारी कॉइल जळाली. नवी गावातच मिळेल. गाडीला कोणीही हात लावायचा नाही असे बजावून लॉरीत बसलो. सीट चिकट. का, ते पाहिले नाही. मिस्त्री विचारतो, काका, काठीवर खुणा केल्या तेव्हा गाडी उतारावर होती का? पेट्रोल काठीपासून पुढे सरकतं. म्हटले, माझ्या घरी उतार नाही.

सायं. ६
कॉइल मिळाली नाही. शेवटच्या रेषेशी मेहुणा, पांढरे बूट, खांद्यावर दोराचे वेटोळे. सभ्य माणसाप्रमाणे हार मान्य केली. गाडी टोचनाशिवाय येणे शास्त्रतः अशक्य आहे, माझ्याकडून ती तुझीच, असे चारचौघांत सांगितले. त्याने मिठी मारली. त्याच्या केसांचे तेल माझ्या शर्टाला.

पाच वाजून पाच मिनिटांनी ओळखीचा हॉर्न. गाडी. स्टिअरिंगवर सौ. मागे आपल्या टू-सीटरमध्ये दंतवैद्य.

मी जाताच तिने म्हणे कामटी टाकली. ठणठणीत कोरडी. चार वाजून गेल्यावर मागून आलेल्या दंतवैद्याने आपल्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढले, दोनदा थुंकला आणि पाच लिटर दिले. त्याच तोंडाने माझे अभिनंदन केले.

मेहुण्याने दोर खाली टाकला. म्हणाला, ताई, तू आणलीस, तुझी झाली. मी शब्द फिरवत नाही. भाऊजींचा तिच्यावर जो काय हक्क होता तो त्यांनी मघाशीच सोडून दिला.

प्रमाणपत्रावर चालक म्हणून तिचे नाव. सहप्रवासी: रेघ.

१३ जानेवारी
घरी. कागद सौ.च्या एकटीच्या नावावर व्हायचे आहेत. पुढच्या सफरीला तिने नाव दिले. सहप्रवासी कोण, असे सहज विचारले. बघू, म्हणाली. सागवानी काठी स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावली आहे. लांबी बरोबर बसली.

दुपारी मला गाडी धुवायला सांगितली. गाडी पोर्चमध्ये, तोंड गेटाकडे. बादली ओतली. पाणी मागच्या चाकांपासून निघाले, पुढच्या चाकांशी आले, आपोआप गेटाबाहेर गेले.

दुसरी बादली ओतली. तीही गेली.

सौ. दारातून म्हणाली, अहो, पुरे, पाणी संपेल.