वारा सुटेल तेव्हा सौना

१ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून गुलामी बंद. पन्नाशीला शाळेची नोकरी सोडणार. अजून चार वर्षं. मग मी, बायको मेर्वी आणि लेक हिल्ला, सगळा वेळ आम्हा तिघांचा. त्यासाठी घरातला प्रत्येक सेंट वहीत लिहिला जाईल.
जेवताना ठणकावून सांगितलं, की रोम शत्रूंनी बुडवलं नाही, उधळ्या स्वयंपाकघरांनी बुडवलं. बायको म्हणाली, यार्क्को, इतिहास वर्गात शिकव, इथे बटाटे वाढ. हिल्ला फिदीफिदी हसली. पंधराव्या वर्षी हसू येतंच. साम्राज्यं अशीच हसत हसत गेली.
विजेचा करारही बदलला. आता भाव तासातासाला बदलणार. वारा सुटला की स्वस्त, थंडी कडाडली की महाग. भित्र्यांनी ठरावीक भाव घ्यावा.

८ नोव्हेंबर, शनिवार
खर्चाचा तक्ता फ्रिजवर लावला. सर्वांत मोठी गळती, शनिवारचा सौना, विजेवर तापणारी वाफेची खोली. त्यात सासरे ओइवा दर शनिवारी येतात. वय ब्याऐंशी. सौनाची फळीन् फळी त्यांनी स्वतः ठोकलेली, मान्य. पण वीज त्यांनी ठोकलेली नाही. ‘पाहुणे’ असा रकाना काढला. ओइवा : वाफ ३ युरो ४०, कॉफी दोन कप, वेलचीचा बन एक. ही तक्रार नव्हे. पारदर्शकता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ओइवा चष्मा लावून फ्रिजपुढे बराच वेळ उभे होते. गेल्यावर कपाखाली वीसची नोट सापडली. मेर्वी रडली. मी समजावलं, की ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला तत्त्व पटतं, मग तुला का पटू नये? ती म्हणाली, तुझ्या वहीत लाजेचा रकाना आहे का रे?
नोट जमेत धरली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ओइवा आले नाहीत. गुडघा दुखत असेल. मायलेकी ओइवांच्याच इमारतीच्या सामाईक सौनात गेल्या. शनिवारी पाच ते सहा ही वेळ त्यांच्या नावावर आहे. नातीसोबत बसता यावं म्हणून इकडे यायचे, तिकडची वेळ रिकामी जायची. वाया जाणारी सोय माझ्यामुळे कामी आली. आभार कुणी मानले नाहीत.

३ डिसेंबर, बुधवार, दुपारी २
वारा! भाव तळाला! शाळेतून अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजा टाकून सौना तापवला. एकटाच बसलो. वाचले ३ युरो १०. पगार कापला जाईल ९६. पण पगार म्हणजे गुलामी, तो यात धरत नाही.

२४ डिसेंबर, सकाळी १०
उणे एकोणतीस. वारा ठप्प. भाव आभाळाला. नाताळचा सौना आज नव्हे, शनिवारी, २७ला होईल, असं जाहीर केलं.
मेर्वी अगदी हळू आवाजात म्हणाली, की तिच्या आजोबांनी युद्धात, आघाडीवर असतानासुद्धा आजचा सौना चुकवला नव्हता. मी म्हटलं, त्यांना जंगलातलं लाकूड फुकट होतं. हिल्ला म्हणाली, बाबा, येशूलाही कळवू का, २७ला जन्म घे म्हणून?
ही पिढी श्रद्धेची थट्टा करते.

दुपारी ४
दोघी ओइवांकडे गेल्या. हॅम घेऊन गेल्या. ते मी चाळीस टक्के सवलतीत आणलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

५ जानेवारी, सोमवार
अजून परतल्या नाहीत. म्हणजे कपडे न्यायला येऊन गेल्या. मेर्वी म्हणाली, बाबांना सोबत हवी आहे. समजू शकतो. म्हाताऱ्यांची सेवा केलीच पाहिजे.
किराणा ६२ टक्के खाली. पाणी ७० टक्के खाली. बारा दिवसांत अशी झेप आमच्या अख्ख्या कायानी गावात कुणी घेतली नसेल. या वेगाने चार नाही, तीनच वर्षं!
हिल्लाला लगेच फोन केला. म्हटलं, तीन वर्षांनी मी पूर्ण मोकळा, सगळा वेळ तुझा. ती म्हणाली, तीन वर्षांनी मी अठराची असेन बाबा. तेव्हा मी घरात असेन का? मी म्हटलं, आधी आकडे तर बघ. ती म्हणाली, तेच तर बघत होते, रोज, फ्रिजवर.

१४ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३
वादळ! विजेचा भाव शून्याच्याही खाली! जितकी वीज वापरू तितके पैसे उलट आपल्यालाच मिळणार. याच दिवसासाठी झगडलो. सौना लावला, बन ओव्हनमध्ये घातले, घरभर दिवे लावले. मेर्वीला फोन केला, की तिघंही या, ओइवांना आग्रहाने आणा, आज सगळं फुकट आहे.
ती म्हणाली, आमची इकडे पाचची वेळ आहे.
मागून हिल्लाने विचारलं, कोण आहे गं? मेर्वी म्हणाली, कुणी नाही, वीज विकणारा.
विनोद करत असावी.

संध्याकाळी ६
सौना नव्वद अंशांवर. बाकावर चार टॉवेल ठेवलेत. वादळामुळे उशीर होत असेल. मी बाहेरच बसलोय. सातला भाव पुन्हा चढेल, त्याआधी बंद करायचा आहे.

७.२०
भाव चढलाय. सौना चालूच आहे. उठून बंद करवत नाही.