चाल कुणाची

मंगळवार, ६ जानेवारी २०२६
छत्रपती संभाजीनगर

प्रिय राजा,

सप्रेम जय भीम. तू बरा असशील. घसा सोडून म्हणतोय, कारण दिवसाला चार सभा घेणाऱ्याचा घसा बरा कसा राहील? गरम पाणी पीत जा. मुक्तामावशींना माझा नमस्कार सांग, त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव. आमच्याकडं सगळं ठीक आहे. वैदेही शाळेचे पेपर तपासत बसली आहे आणि मधूनमधून 'एवढं काय लिहितोयस?' म्हणून माझ्याकडं बघते आहे.

पत्र लिहायची पाळी तूच आणलीस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुझा प्रचार सांभाळणाऱ्या करुणाताईंनी उचलला. "भाऊ प्रचारात आहेत, काम काय ते सांगा." राजा, तू भाऊ कधी झालास? तुझ्या सख्ख्या बहिणीसुद्धा तुला राज्या म्हणतात. मेसेज केला तर उत्तरादाखल जोडलेले हात आणि तुझी निशाणी, कपबशी. ज्या माणसानं सात वर्षं माझ्या शेजारी उभं राहून माइक फोडले, त्याच्याकडून मला कपबशी आली.

त्यातून गेल्या आठवड्यात तुझी चिठ्ठी आली. "'पाण्याचा दिवस'चे शब्द माझे, चाल तुझी. प्रचारात म्हणू का? तू नाही म्हणालास तर म्हणणार नाही." चांगलं शहाण्यासारखं लिहिलं आहेस. मला असला शहाणपणा सोसत नाही. न विचारता गायला असतास तर मला मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

तर माझं म्हणणं तुला ठाऊकच आहे, तरी पुन्हा सांगतो. रॉक वाजवणाऱ्यानं राजकारणात पडू नये. गाणारा एकदा निशाणीखाली उभा राहिला की ऐकणारा आधी निशाणी बघतो, आवडली तरच कान उघडतो. ज्याला तू आवडत नाहीस त्याच्यासाठी ते गाणं कायमचं मेलं. शिवाय उद्या निवडून आलास आणि तरीही नळाला पाणी आलं नाही, तर लोक तेच गाणं तुझ्या दारात येऊन म्हणतील. तेव्हा माझ्या चालीनं तोंड कुठं लपवायचं?

तू यावर काय म्हणशील तेही माहीत आहे, कारण प्रॅक्टिसच्या खोलीत तू ते सगळ्यांसमोर म्हणाला होतास. "तुझ्या बिल्डिंगला टँकर येतो म्हणून तुझ्यासाठी ते नुसतं गाणं हाय. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो, तवा ते गाणं नाय राहत." मी गिटार खोळीत घातली आणि निघालो. तू निवडणुकीला उभा राहिलास, बँड माझ्याकडं राहिला. बरं झालं म्हणा.

बँड अगदी झकास चालला आहे. गेल्या महिन्यात तीन कार्यक्रम झाले. त्यातले दोन लग्नाचे. तिसरा एका कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचा, हॉटेलच्या हिरवळीवर. लोक आमच्याकडं पाठ करून पनीर खात होते, एकानं येऊन सांगितलं की आवाज कमी करा, साहेबांना फोनवर ऐकू येत नाहीये. आम्ही कमी केला.

हे मी का सांगतोय कुणास ठाऊक. तुला वाईट वाटावं म्हणून नाही.

तुझ्या सभेचा व्हिडिओ पाहिला मोबाइलवर. गर्दी चांगली होती. स्टेजवर तो नवा गिटारवाला, सत्यम ना त्याचं नाव? केस छान आहेत त्याचे. वाजवतो मात्र घाईत. प्रत्येक ओळीनंतर दोन मात्रा मोकळ्या सोडायच्या असतात, तिथं तो बोटं नाचवत बसतो. राजा, ती जागा मोकळी का आहे हे तू त्याला सांगितलं नाहीस? नळ येण्याआधी नुसती हवा येते, फुस्स करते, सगळे श्वास रोखून बघतात आणि मग धार लागते. ती हवा त्या दोन मात्रांत आहे. तिथं वाजवायचं नसतं, थांबायचं असतं. माझ्या शेजारची बाई घागर उलटी धरून त्यावर ताल देत होती, तीसुद्धा बरोबर तिथं थांबली. सत्यम थांबला नाही.

शेजारची बाई. लिहून गेलो खरं. खोडलं तरी तू वाचशीलच, तुझी सवय मला माहीत आहे.

बरं, तर मी तिथं होतो. शनिवारी वाळूजहून कंपनीतून परत येताना क्रांती चौकात सरळ घरचा रस्ता धरायचा सोडून तुझ्या वस्तीकडं गाडी वळवली. म्हटलं, बघू तरी. तोंडाला रुमाल बांधून उसाच्या रसाच्या गाडीमागं उभा राहिलो, एखाद्याच्या घरात चोरून डोकवावं तसा. तुझी सभा पडावी असं मला मनापासून वाटत होतं. खोटं कशाला सांगू? पन्नासेक खुर्च्या रिकाम्या असत्या तर मी तुला फोन करून धीर दिला असता, फार प्रेमानं दिला असता.

एकही खुर्ची रिकामी नव्हती. लोक 'पाण्याचा दिवस' म्हणा म्हणून ओरडायला लागले, आणि तू माइक हातात घेऊन सांगितलंस, "चाल माझ्या दोस्ताची आहे. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. त्यामुळं मी म्हणणार नाही." दहा हजारांची नोकरी सोडून उभा राहिलेला माणूस भरल्या सभेत माझ्या परवानगीसाठी थांबला होता, आणि मी हाकेच्या अंतरावर रुमालाआडून रस पीत होतो. तेव्हाच पुढं यायला हवं होतं. मी रुमाल आणखी वर ओढला.

मग तुझी आई, म्हणजे माझ्या मुक्तामावशी, उठल्या. तुझ्या हातातला माइक त्यांनी घेतला ते मला अजून दिसतं आहे. "ह्यो बसलाय इचारत. मी नाय इचारत. तो मिहिर माझ्या चुलीपाशी बसून भाकर खाल्लेला हाय, मला नाय म्हणायची त्याची छाती नाय." सगळे हसले. मीही हसलो, रुमालाच्या आत.

त्यांनी गाणं उचललं ते आपल्यासारखं नाही. तुझे आजोबा भीमगीतांच्या गायन पार्टीत म्हणायचे तसं, टाळी धरून, शेवटचं अक्षर लांबवत. ड्रम नाही, काही नाही. मागून तो सत्यम लुडबुडत होता तेवढाच. माझीच चाल होती आणि मला पत्ता न लागता तिनं दुसरं घर केलं होतं. आपल्या स्टेजवर ती कधी इतकी मोकळी झाली नव्हती. तेव्हा मला तुझा जो राग आला राजा, तो मतभेदाचा नव्हता. हे सगळं तुझं होतं याचा होता. तुला आई होती, गल्ली होती, गाण्याला काम होतं. माझ्याकडं हिरवळ होती आणि पनीर.

आणि शेवटच्या कडव्यात त्यांनी माझं नाव घातलं. रचणाऱ्याचं नाव शेवटी घ्यायची तुमच्या पार्टीची रीत, ती मला कुठं माहीत होती? 'मिहिर सांगे, धार लागू दे' असं काहीतरी म्हणाल्या. सगळ्या मैदानानं ते दोनदा म्हटलं. घागरवाल्या बाईंनीही म्हटलं. मी त्यांना विचारलं, मिहिर कोण? त्या म्हणाल्या, "आसंल कोणी आपल्यातलाच."

मी तिथून निघालो. रसाचे पैसे द्यायचेही विसरलो, तो गाडीवाला मागून हाका मारत आला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चाल म्हण. ती खरं तर तुमच्याच अंगणातली आहे. पाण्याच्या दिवशी प्रॅक्टिस सोडून तू हंडे भरायचास, मी पायरीवर बसून गिटार लावायचो, आणि मावशींच्या नळातली ती फुस्स मी तिथंच ऐकली. माझ्या बिल्डिंगच्या नळातून असला आवाज येत नाही.

पण एक अट आहे. त्या सत्यमला ती चाल वाजवायला देऊ नकोस. त्याला खाली बसव, टाळी वाजवू दे, हार घालू दे, काहीही कर. रविवारी तुझी शेवटची सभा आहे असं ऐकलं. गिटार घेऊन मी येतो. रॉकवाल्यानं राजकारणात पडू नये हे माझं मत आजही तेच आहे, एका अक्षरानं बदललेलं नाही. मी तत्त्वासाठी येत नाहीये, तुझ्या निशाणीसाठी तर नाहीच. माझी चाल माझ्याशिवाय तिथं खूश असते हे मला बघवत नाही, म्हणून येतोय. कुणी विचारलं तर वाटेल ते सांग, पण तुला खरं माहीत असू दे.

करुणाताईंना सांगून ठेव, नाहीतर स्टेजवर चढताना मला अडवतील.

तुझ्या वॉर्डात ज्याचं मत नाही, नुसतं नाव आहे, तो
मिहिर