टाकी नणंदबाईंना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेतली निवृत्त शिवणबाई, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलास मिळावी. तो म्हणतो, "आई, माशांच्या टाकीचा फिल्टर रात्री तरी बंद कर, आवाजानं झोप येत नाही." मला त्या आवाजाशिवाय येत नाही. यजमान गेल्यापासून घरात तेवढीच सोबत उरली आहे.

२. शिलाई मशीन सुनेला. तिला येत नाही, शिकेल. माझ्या कात्रीने कागद मात्र कापू नयेत.

३. हॉलमधली सहा फुटी माशांची टाकी, फिल्टरसह. दुकानदार नुसतं काचेचं माप बघून एक चिमुकला फिल्टर आमच्या गळ्यात मारत होता. हे म्हणाले, "अहो, घाण काच करते का? मासे करतात. मासे किती ते बघून द्या." आणि टाकीखालच्या कपाटात बसणारा मोठा, डब्यासारखा फिल्टर घेऊन आले. त्यातले स्पंज ह्यांनी कधी नळाखाली धरले नाहीत. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात हलकेच पिळायचे, तेही निम्मेच. उरलेले पुढच्या खेपेला. "तो तपकिरी गाळ टाकायचा नसतो, माशांची घाण पचवणारे जीव त्यातच राहतात," असं येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून सांगायचे.

हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. माझ्या धाकट्या नणंदबाईंना रडू येईना, म्हणून त्या घर घासत सुटल्या. भांडी, फरशी, खिडक्या आणि शेवटी फिल्टर. सगळे स्पंज साबणाने धुतले. "दादाची टाकी लख्ख केली, वहिनी," म्हणाल्या. आठवड्याभरात एकूण एक मासा मेला. ह्यांच्या हातचं खाणारे मासे मी बादलीत भरून बाहेर नेले आणि नणंदबाईंशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. टाकी मी एकटीने पुन्हा उभी केली.

सबब, टाकी व फिल्टर नणंदबाईंनाच द्यावा. मुलगा ओरडला, "आत्याला? अगं, तिनंच तर मारले!" म्हणूनच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझा राग खोटा नव्हता. पण माझ्यामागे ह्यांच्यासाठी जीव तुटणारं त्यांच्याशिवाय कोण आहे?

४. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून खाली नणंदबाईंची सही नाही. बोलावलं तशा त्या आज आल्या आहेत. मी विचारलं, "वन्सं, न्याल ना?"

"वहिनी, मला हात लावायची भीती वाटते हो."

मी बादली पुढे सरकवली. "आज साफ करायचंच आहे. मी बसते इथे. निम्मेच पिळा."

त्यांनी पहिला स्पंज पिळला. पाणी तपकिरी झालं आणि त्यांना रडू फुटलं, त्या दिवशी न आलेलं.

साक्षीदार: १. आमच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)

लिहून देणार: (सही)
स्थळ: राहते घर, टाकीसमोर. दिनांक: ९ मार्च, रविवार.

कागदावरचे ओले डाग बादलीतल्या पाण्याचे आहेत, नणंदबाईंनी माझा हात धरला त्याचे. खाडाखोड समजू नये.