भिंगरीसाठी पाकळी लावली नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

माउली, या पानावर तुझी कृपा असू दे. गाभाऱ्यात ती मागण्याचे तोंड आज मला नाही, म्हणून इथे मागतो.

आता मूळ विषय. आमच्या कुत्रीच्या, भिंगरीच्या पोटाखाली, मागच्या स्तनाशी गाठ आहे. सुपारीएवढी. चतुर्थीच्या सुमारास ती वाटाण्याएवढी होती, आणि मी गोचीड समजून सोडून दिली! आज रिक्षाने तिला म्हापशाला नेले. तिथली जनावरांची डॉक्टर, सुविधा, वयाने नातीसारखी. आम्ही रिक्षातून उतरल्यापासून ती अखंड बोलत होती. गाठ बोटांनी चाचपू लागली आणि तिचे बोलणे थांबले. ते थांबणे मी ओळखतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला, विनोदिनीला तपासतानाही एक डॉक्टर असाच थांबला होता.

"काका, ही काढावी लागेल. आणि तपासणीला पाठवावी लागेल."

"काढा," मी म्हणालो.

एवढेच. एका शब्दात! घरी परतताना रिक्षात ध्यानात आले – देवीला विचारलेच नाही. चाळीस वर्षे या गावाचे कौल माझ्या हातून लागले. मुलगी कुठे द्यावी, विहीर कुठे खणावी, घराचा पाया केव्हा काढावा – देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी पडली तर करावे, डावी पडली तर सोडावे. कौलाविना पाऊल नाही. आणि आज कुत्रीसाठी परस्पर होकार देऊन आलो.

पश्चात्ताप होत नाही. त्याचाच संताप येतो.

५ नोव्हेंबर

गौरेशला वास्कोला फोन केला. कुत्री त्याच्या आईची. त्याला कळवणे कर्तव्य होते. त्याने सगळे शांतपणे ऐकले. बंदराच्या कचेरीत बसून माणसाला असे शांत राहण्याची सवय होत असावी. मग म्हणाला –

"आईला न्यायचं तेव्हा देवीला विचारावं लागलं. कुत्रीला न्यायचं तर रिक्षा बोलावली! बरं केलंत बाबा."

आणि फोन ठेवला.

८ नोव्हेंबर

शस्त्रक्रिया झाली. एका बाजूचे सगळे स्तन काढले. टाके मोजवत नाहीत. टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचे भलेमोठे नरसाळे. दाराच्या चौकटीला धडकते आणि माझ्याकडे पाहते – चौकट मी हलवली असावी तशी!

पोटाला बांधायला विनोदिनीच्या सुती लुगड्याची पट्टी फाडली. ते लुगडे कुणाला द्यायला माझे मन होत नव्हते. आज उपयोगी आले.

१५ नोव्हेंबर, एकादशी

अहवाल आला. कर्करोगच. सुविधा म्हणाली, काढला तेवढा काढला, पण तीन-तीन आठवड्यांनी तीन वेळा औषध शिरेतून द्यावे लागेल. आणि अंगात ताकद हवी. "भातदुधाने भागणार नाही काका. अंडी द्या, मासे द्या."

मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या भटाच्या घरात सात पिढ्यांत मासळी आली नाही. वैश्वदेव झाल्यावर कुत्र्याचा घास बाहेर काढून ठेवावा, हे शास्त्र मला मुखोद्गत. तो घास बांगड्याचा असेल, हे शास्त्रकारांना सुचले नसावे.

मागल्या अंगणात तीन दगड मांडून वेगळी चूल केली. मासळीवाली चंद्रावती हरमलहून पाटी घेऊन आली. भिंगरीला तिनेच आणले होते – किनाऱ्यावर सापडलेले पिल्लू, मासळीच्या पाटीत घालून, विनोदिनीच्या ओटीत टाकायला. आज मला पाहून पाटी उतरवून खाली बसली, आणि हसत सुटली.

"भटमाम, बांगडे ताजे आसत. काटे मी काढून दितंय. कोणाक सांगूचंय नाय!" मग काटे काढता काढता – "पण कोणी इचारल्यान तर खोटा कित्याक बोलू?"

मी मान फिरवून पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत. "बायेच्या सुणीक औषद म्हण दिलंय," म्हणाली. विनोदिनीच्या कुत्रीचे पैसे नकोत म्हणे. हसणे गेले होते.

माझा उपवास. तिचे जेवण. हाताचा वास चिंचेने जाईना, राखेने जाईना.

२४ नोव्हेंबर

पहिले औषध. सलाईन लावून पाऊण तास. मी तिचा पुढचा पाय धरून उभा होतो. हलली नाही.

सुविधेने नियम सांगितले. दोन दिवस तिच्या मूत्राला, ओकारीला उघडा हात लावायचा नाही. औषध त्यातून बाहेर पडते. हातमोजे घालायचे. जागा भरपूर पाण्याने धुवायची. फडकी वेगळी ठेवायची, घरच्या कपड्यांत मिसळायची नाहीत.

"जमेल ना काका? मोठ्या माणसांना हे नियम पाळणं जड जातं."

"मुली, मी सोवळ्यात वाढलो," म्हणालो. ती हसली. मी विनोद केला असे तिला वाटले.

२६ नोव्हेंबर

पहाटेपासून चार उलट्या. चारही मी पुसल्या. शेवटची पूजेआधी.

हे लिहायचे नव्हते, पण लिहितो. विनोदिनीच्या अखेरच्या दिवसांत सकाळची पूजा आटोपेपर्यंत मी तिला शिवत नसे. पाण्याचा तांब्या तिच्या खोलीच्या दारात ठेवत असे. एकदा तिला उलटी झाली, तेव्हा मी सोवळे नेसून उभा होतो. शेजारची वत्सला धावत येईपर्यंत तसाच उभा होतो. विनोदिनी म्हणाली, "तुमचं आटपू दे आधी."

मी आटपले. घंटासुद्धा वाजवली!

२७ नोव्हेंबर

झोप नाही. आता सगळे लिहूनच टाकतो.

गौरेशने मुंबईच्या रुग्णालयात तारीख घेतली होती. गाडीची तिकिटे काढली होती. मी म्हणालो, कौल घेतल्यावाचून उंबरा ओलांडायचा नाही. पिटकोळीच्या फुलांच्या पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या, गाऱ्हाणे घातले – 'न्यावी की इथेच औषधपाणी करावे?' बायकोचे नाव, गोत्र, दुखणे, सगळे शुद्ध उच्चारांत. तोतरलो नाही. असा मी विद्वान!

डावी पडली.

गौरेश सभामंडपात ओरडला, "पुन्हा लावा!" मी म्हणालो, एका प्रश्नाला दोन कौल नसतात. विनोदिनी म्हणाली, "झालं तर. देवीनं सोडवलं." अकरा महिने झाडपाल्याचा काढा घेऊन ती गेली.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. त्या सकाळी अभिषेकानंतर देवीला तेल लावले होते. डाव्या खांद्यावरून ओघळ उतरला होता. तेलावर पाकळी धरत नाही. चाळीस वर्षांत हे मला कळले नाही असे कसे म्हणू? मला ते दिसले होते. कौल लावताना पाहिलेही होते. पुसून घ्यावे असे मनात आले – आणि पुसले नाही. देवीच्या इच्छेत हात घालू नये, असे वाटले.

इच्छा देवीची होती की तिळाच्या तेलाची, हे मला कोण सांगणार?

३ डिसेंबर

शेजारचा पांडुरंग – वत्सलेचा नवरा, देवळाच्या समितीवर आहे – कुंपणापाशी येऊन घुटमळला.

"भटमाम, वायट मानू नकात. लोक बोलतत. सुणीची घाण काढतल्या हातान देवीक फुलां घालतत म्हणून."

"चार वेळा न्हातो मी, पांडुरंग. लोक किती वेळा न्हातात, तेही विचारून ये."

गेला बिचारा. त्याचा दोष नाही. निरोप आणणारा तो. वत्सला मात्र रोज एक अंडे पदराखाली झाकून आणते, ओट्यावर ठेवते आणि न बोलता जाते. विनोदिनीला उलटी झाली तेव्हा धावली ती हीच. तिच्याकडे मान वर करून बघणे मला दोन वर्षांत जमलेले नाही.

१५ डिसेंबर

दुसरे औषध. आज गौरेश आपली गाडी घेऊन आला. मी बोलावले नव्हते. भिंगरी त्याच्या मांडीवर डोके ठेवून बसली. म्हापशापर्यंत आम्ही दोघे तिच्याशीच बोलत होतो, एकमेकांशी नाही.

परतताना त्याने विचारले, "हिच्या मिशा कुठं गेल्या?"

"गळल्या. औषधानं गळतात."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला – "आईला शेवटचं न्हाऊ घातलं, तेव्हा बायका म्हणाल्या, कसे दाट काळेभोर केस राहिले! केवढं कौतुक." पुढे रस्त्याकडे पाहत – "गळायला हवे होते, बाबा."

तेलाचा ओघळ ओठांपर्यंत आला होता. गिळला.

तो चहा न घेता गेला. जाताना औषधाच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवून गेला. माझे डोळे अधू झालेत, हे त्याच्या लक्षात आले होते तर!

१७ डिसेंबर

एकच उलटी. अंडे खाल्ले. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे सगळे वेळेवर.

५ जानेवारी २०२६

तिसरे आणि शेवटचे औषध. उलटी नाही. सकाळी पोदेर पाव घेऊन आला, तर त्याच्या सायकलीवर भुंकली. तो म्हणाला, "आयलो गे तुझो आवाज!" – आणि तिला अर्धा उंडो पाव दिला. शेपटी हलवत माझ्यासमोर आणून खाल्ला.

२० जानेवारी

छातीचे फोटो, पोटाची तपासणी, रक्त – सगळे स्वच्छ. सुविधेने टाळी वाजवली, भिंगरीच्या कपाळावर हात फिरवला. "काका, तुम्ही वेळेवर आणलीत. गाठ आतपर्यंत गेली असती तर काही करता आलं नसतं. आता दर तीन महिन्यांनी दाखवायची. जगेल ही!"

मी "देवीची कृपा" म्हणालो. जिभेची सवय. 'वेळेवर आणलीत' हे ऐकताना कानशिले तापली. मी एवढी सेवा जाणतो, एवढे नियम पाळू शकतो, वेळेवर नेऊ शकतो. मला काहीही अशक्य नव्हते. हेच या तीन महिन्यांनी सिद्ध केले. कुत्री वाचली त्याचा आनंद आहे. पण तो आनंद माझ्या विरुद्ध साक्ष देतो.

गौरेशला फोन केला. "वाचली," म्हणालो. तो पलीकडे रडला. कुत्रीसाठी नव्हे.

२३ जानेवारी

पांडुरंग आज घुटमळला नाही. सरळ ओट्यावर येऊन बसला, टोपी काढली.

वत्सलेला गाठ. विनोदिनीला होती त्याच जागी, स्तनात! चार महिन्यांपासून होती. तिने सांगितले नाही. बांबोळीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मंगळवारी दाखल व्हायला सांगितले आहे. त्यातले दोन महिने ती माझ्या ओट्यावर अंडी ठेवत होती.

मी म्हणालो, "मग इथे काय करतोस? घेऊन जा!"

"ती येवक तयार नाय, भटमाम. म्हणता, देवीचो कौल होवंदे. बायेनं जसो घेतलो तसो."

"पांडुरंग, मी भिंगरीला नेले तेव्हा कौल घेतला नव्हता."

"ती सुणी, भटमाम." त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते बोलणे कुत्सित मुळीच नव्हते. "माणसाक देवीचो आधार हवो. तुमीच शिकयलां न्हय आमकां?"

मीच शिकवले. रविवारी सकाळची वेळ दिली.

२४ जानेवारी

दिवसभर अन्न गेले नाही. भिंगरी शेजारी बसून आहे. देवीपुढे गेलो, बोललो नाही, परत आलो.

२५ जानेवारी, रविवार

देवीचे दोन्ही खांदे मी स्वतः कोरडे पुसले. तीन वेळा पुसले. तेल लावले नाही. वारा नव्हता. वत्सलेचे नाव घेताना तोतरलो.

डावी पडली.

ती दोघे सभामंडपात डोळे मिटून उभी होती. मी पाकळी उचलली, वत्सलेच्या ओंजळीत ठेवली, तिच्याकडे मान वर करून पाहिले आणि म्हणालो – "उजवी."

मंगळवारी ती दोघे बांबोळीला जात आहेत. देवी माझे जे करायचे ते करो. ही वही गौरेशकडे पाठवतो आहे. तो वाचील, त्याच्यामागे आणखी कोणी वाचील – त्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या घरच्या दुखण्याला वेळेत औषध मिळो.