बाबा, होडीला भूल लागत नाही

बाबा,

तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. मुलुखियाची पातळ भाजी फ्रिजमध्ये आहे. गरम करा, पण उकळू देऊ नका, पानं तळाशी बसतात. दवाखान्यातले माझे आजचे पेशंट डॉक्टर शिरीन बघणार आहे. मदाम नवालना मात्र कवळी तुमच्याच हातून बसवून हवी आहे, त्यांना ताटकळत ठेवू नका.

मी अन्फूशीला, होड्यांच्या कारखान्यात गेलेय. हो, आजही. काल तुम्ही जेवण अर्धं टाकून उठून गेलात, म्हणून सांगायचं राहिलं. पाणी शिरू नये म्हणून होडीच्या फळ्यांमधल्या फटीत मी हळूहळू कापूस ठासत होते, तर मला काम शिकवणारे उस्ताद गाबिर म्हणाले, "अगं डॉक्टरीणबाई, होडीला भूल लागत नाही, ठोक की जोरात!" मला हसू फुटलं. मग लक्षात आलं, सकाळपासून माझा हात थरथरला नव्हता. दवाखान्यात वर्षभर थरथरतोय. तुम्हाला दिसत होतंच ना? कारखान्यात का थरथरत नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत जाईन म्हणते.

भीती वाटतेच. दवाखान्याच्या पाटीवर तुमच्या नावाखाली पेंटर माझं नाव रंगवत होता तेव्हा तुम्ही स्वतः शिडी धरून उभे होतात, ते मी विसरलेले नाही.

एक विचारू? माझ्या वयाचे असताना तुम्हाला खरं काय व्हावंसं वाटत होतं? मी कधी विचारलंच नाही. संध्याकाळी आल्यावर चहा करते. रागावून सांगितलंत तरी चालेल.

इनास